टेकडीवरची काशी आणि आमची पायी फेरी

मंडळाच्या चिटणीसांचा फोन आला की आमच्या घरी गणपती जवळ आले असे समजतात. "काका, स्मरणिकेसाठी इतिहासाचं काहीतरी द्या, पण फार जड नको." गेली पंचवीस-तीस वर्षे पाहुण्यांना आणि कारखान्यातल्या सहकाऱ्यांना घेऊन मी जुन्या काशीत पायी फेरी काढतो. तिच्याविषयीच लिहा, असा यंदा आग्रह झाला. लिहितो. मात्र त्यात माझा एक कबुलीजबाबही येणार आहे, तो वाचकांनी सांभाळून घ्यावा.

आपली वसाहत सपाटीवर आहे. गेटापासून शाळेपर्यंत सायकल हात सोडून चालवावी असा रस्ता. त्यामुळे नव्याने बदली होऊन आलेल्या मंडळींना "काशी टेकडीवर वसली आहे" असे सांगितले तर ती हसतात. टेकडी म्हणजे पर्वती किंवा चतुःशृंगी, एवढीच आपली व्याख्या. परंतु पंचगंगा घाटावर नावेतून उतरून वर चौखंब्यापर्यंत एकदा चढून पाहावे, म्हणजे हसू आपोआप थांबते. पायऱ्या संपल्या असे वाटते तेव्हा गल्ली वर जाते, गल्ली संपली असे वाटते तेव्हा पुन्हा चार पायऱ्या येतात. एका घराचा तळमजला म्हणजे मागच्या घराचे तळघर, असा सगळा प्रकार.

काशी शिवाच्या त्रिशूळावर उभी आहे असे आपण लहानपणापासून ऐकतो. त्या त्रिशूळाची तीन टोके म्हणजे तीन उंचवटे असे परंपरा मानते. उत्तरेला ओंकारेश्वर, मध्ये विश्वेश्वर आणि दक्षिणेला केदारेश्वर. मला ही कथा फार आवडते, कारण ती पायांना पटते. इथे गंगा उत्तरवाहिनी होते आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाने पश्चिमेचा काठ दाबत जाते. हा काठ कंकरमिश्रित घट्ट मातीचा, म्हणून तो टिकला. समोरच्या काठावर नुसती वाळू. म्हणूनच अस्सीपासून राजघाटापर्यंतचे सगळे जुने शहर एकाच तीरावर आहे. आणि उंचीशिवाय इथे निभाव नाही. काशीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर धरतात. १९७८ साली पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. त्या वर्षी नावा गल्ल्यांत फिरल्याच्या आठवणी जुने लोक अजून सांगतात.

टेकडीची दुसरी खूण तिच्या पाठीमागे आहे. चौकाच्या पलीकडे पश्चिमेला जमीन पुन्हा उतरते आणि तिथे एके काळी तलावच तलाव होते. मंदाकिनी, मत्स्योदरी, बेनिया. नंतर ब्राह्मी लिपी वाचून जगप्रसिद्ध झालेला जेम्स प्रिन्सेप १८२० पासून दहा वर्षे इथल्या टांकसाळीत नोकरीला होता. त्याने शहराचा नकाशा केला, शिरगणती केली, घाटांची चित्रे काढली आणि टेकडीच्या पोटातून भुयारी मार्ग काढून साचलेले पाणी गंगेत सोडले. आज मैदागिन म्हणतो ती मूळची मंदाकिनी. तिथे रिक्षा पकडताना आपण तळ्याच्या जागी उभे आहोत हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

फेरीला मी नेहमी ब्रह्माघाटापासून सुरुवात करतो आणि शिंदे घाटापर्यंत नेतो. अंतर जेमतेम एक किलोमीटर, पण वर-खाली धरून तीन तास सहज जातात. हा पट्टा निवडण्याचे कारण उघड आहे. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा, बालाजी घाट, जटार घाट, गणेश घाट, भोसले घाट, शिंदे घाट. नुसती नावे वाचली तरी आपल्या माणसांना घरी आल्यासारखे वाटते.

ब्रह्माघाट आणि दुर्गाघाट हे पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांचे काम. इ. स. १७४० च्या सुमारास त्यांनी इथली कोळ्यांची वस्ती होती ती जागा घेऊन पक्के घाट बांधले आणि वर मराठी ब्राह्मणांची घरे वसवली. नाना फडणविसांचा म्हणून ओळखला जाणारा वाडा आणि आंग्ऱ्यांचा वाडा याच भागात. इथले लोक 'बाडा' म्हणतात. गल्लीतून आत गेले की दगडी चौक, भोवती ओसरी, वर लाकडी सज्जे. कोपऱ्यावर पानवाला भोजपुरीत कुणाला तरी झापत असतो आणि वरच्या खिडकीतून "अगं, दूध उतू गेलं का?" असे ऐकू येते. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी भर गल्लीत थांबलो होतो.

इथे एक गोष्ट मी जरा सविस्तर सांगतो, कारण पाहुणे ती विचारत नाहीत आणि गाइड ती सांगत नाहीत. घाट कशासाठी बांधले? स्नानासाठी आणि पुण्यासाठी, हे खरेच. परंतु आमच्यासारख्या कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला पहिली दिसते ती भिंत. नदी वर्षानुवर्षे हा काठ पोखरत असते. चुनारच्या खाणींतला दगड नावांतून आणून, तो पायऱ्यांनी रचून, मधून मधून अष्टकोनी बुरूज पुढे काढून प्रवाहाचा मार त्यांच्यावर घेतला, म्हणून वरची टेकडी आणि तिच्यावरची घरे उभी राहिली. पायरी ही स्नानाची सोय आहेच, शिवाय काठाला टेकू आहे. ज्याने घाट बांधला त्याने मागचा अख्खा मोहल्ला धरून ठेवला.

आणि जिथे हिशेब चुकला तिथे काय झाले तेही याच फेरीत पाहायला मिळते. दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांनी १८३० मध्ये भव्य घाट बांधायला घेतला. काम इतके अवजड झाले की त्याच्याच वजनाने पाया खचला. शेजारचे रत्नेश्वराचे कललेले मंदिर सगळ्यांनी फोटोत पाहिलेले असते. वर्षाचे बरेच महिने त्याचा गाभारा पाण्यात असतो. आपली माणसे तिथे गेली की, "बायजाबाईंचं काम एवढं कच्चं कसं?" असे हमखास कुणीतरी विचारते. मी म्हणतो, कच्चे नव्हते, जास्त पक्के होते. खालच्या मातीला ते पेलले नाही.

आता कबुलीजबाब.

पंचगंगा घाटावर पाच नद्यांचा संगम मानतात. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा. डोळ्यांना एकच दिसते. पायऱ्या चढून वर गेले की औरंगजेबाच्या काळातली आलमगीर मशीद लागते. तिला दोन उंच मिनार होते आणि लांबून येणाऱ्या नावेला काशीची पहिली खूण तीच दिसे. १९४८ साली त्यातला एक कोसळला, पुढे दुसराही उतरवून घेतला. या वास्तूला लोक 'माधवराव का धरहरा' म्हणतात. मी फेरी सुरू केली तेव्हा एका नावाड्याने मला सांगितले की हे माधवराव म्हणजे तुमचे पेशवे. मला तर गुदगुल्या झाल्या. पुढची दहा-बारा वर्षे मी प्रत्येक गटाला त्या पायऱ्यांवर उभे करून थोरल्या माधवरावांविषयी भाषण देत असे. पानिपतानंतर सावरलेली दौलत, अठ्ठाविसाव्या वर्षी मृत्यू, आणि तरीही काशीत त्यांच्या नावाची खूण! मंडळी हेलावून जात. एका सहकाऱ्याच्या वडिलांनी तर डोळे पुसले होते.

एका थंडीत असेच भाषण चालू असताना वरच्या ओट्यावरून आवाज आला, "अरे ए, काय सांगतोस त्यांना?" नऊवारीतल्या एक आजी तिथे तांदूळ निवडत बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी मला वर बोलावले आणि सगळ्यांच्या देखत परीक्षा घेतली. "मशीद कोणी बांधली?" मी म्हणालो, औरंगजेबाच्या काळातली. "माधवराव पेशवे जन्मले कधी?" मी म्हणालो, १७४५. "मग आधी मिनार आणि सत्तर-ऐंशी वर्षांनी ज्याच्या नावाचा तो जन्मला, असं का? माधवराव आपले काशीला आलेच नाहीत कधी. हा माधव म्हणजे बिंदुमाधव, बाळा. देव आहे तो. त्याचं देऊळ होतं इथे."

सगळा गट हसत होता. मी हसलो नाही.

आजींचे म्हणणे बिनचूक होते. फ्रेंच रत्नव्यापारी ताव्हेर्निये डिसेंबर १६६५ मध्ये काशीला आला. त्याने पाहिलेल्या बिंदुमाधवाच्या विशाल मंदिराचे वर्णन लिहून ठेवले आहे. चारी बाजूंना सारखे हात असलेली क्रूसासारखी बांधणी होती आणि शेजारी राजा जयसिंगाने थोरामोठ्यांच्या मुलांसाठी पाठशाळा काढली होती. हे जयसिंग म्हणजे आपले मिर्झाराजे. त्याच वर्षीच्या जून महिन्यात त्यांनी पुरंदरचा तह केला होता. तो तह करणाऱ्याची पाठशाळा आपल्याला पंचगंगेवर भेटते. त्यानंतर थोड्याच वर्षांत मंदिर पाडले गेले आणि त्या जागी मशीद उभी राहिली. आजचे बिंदुमाधवाचे मंदिर शेजारच्या घरवजा इमारतीत आहे आणि ते औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधले. म्हणजे मराठी माणसाचा हात तिथे आहेच. मी मात्र ज्या हाताचा गौरव करत होतो तो तिथे नव्हता आणि जो होता त्याचे नावही घेत नव्हतो.

त्यानंतर मी अभ्यासाला लागलो. डॉ. अनंत सदाशिव आळतेकर हे मूळचे कोल्हापूरकडचे, हिंदू विश्वविद्यालयात प्राध्यापक. त्यांचा १९३७ चा काशीचा इतिहास मी मिळवला. डॉ. मोतीचंद्रांचा 'काशी का इतिहास' हा १९६२ चा ग्रंथ वाचला. एक वही केली. मधोमध रेघ मारून एका बाजूला 'आहे' आणि दुसऱ्या बाजूला 'सांगतात' असे लिहिले. आग्र्याहून सुटल्यावर शिवाजी महाराज पंचगंगेवर स्नान करून गेले, हे 'सांगतात'च्या बाजूला. इतिहासकारांचे त्यावर एकमत नाही. हे लिहिताना हात जड झाला होता हे खरे. पण 'आहे'ची बाजू काही रिकामी राहिली नाही. पंचगंगेवरचा हजार दिव्यांचा दगडी दीपस्तंभ अहिल्याबाईंचा. गणेश घाटावरचा अमृतविनायक राघोबादादांचे दत्तक चिरंजीव अमृतराव यांनी १८०७ मध्ये स्थापलेला. भोसले घाट नागपूरकरांचा.

आणि माणसे? पैठणचे एकनाथ महाराज. त्यांच्या भागवत टीकेची समाप्ती १५७३ साली काशीत झाली. पैठणहूनच आलेल्या रामेश्वर भट्टांचे चिरंजीव नारायण भट्ट. तोडरमलाच्या साहाय्याने १५८५ च्या सुमारास विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभे राहिले ते त्यांच्या पुढाकाराने. त्यांचे नातू कमलाकर भट्ट, ज्यांचा १६१२ चा 'निर्णयसिंधु' आपल्या आजोबांच्या फडताळात असायचा, आणि पणतू गागाभट्ट, ज्यांनी ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक केला. पुढे पुण्याचे बापूदेव शास्त्री, संस्कृत कॉलेजातले गणिती. काशीतच जन्मलेले बाबूराव विष्णु पराडकर तर हिंदी पत्रकारितेचे भीष्माचार्य मानले जातात, आणि ते मराठी होते हे हिंदी मंडळींना अनेकदा आपल्यालाच सांगावे लागते. मोरोपंत तांब्यांच्या मुलीचे नाव मणिकर्णिका का ठेवले, हे शिंदे घाटापुढच्या मणिकर्णिका घाटाकडे बोट दाखवून मी फक्त मुलांना विचारतो. मोठ्यांना माहीत असते, पण मुलांच्या चेहऱ्यावर झाशीची राणी उमटताना पाहण्यात मजा आहे.

या सगळ्यात राज्य कुठेच नाही, हेही मी वहीत लिहून ठेवले आहे. काशी आपल्या ताब्यात असावी असे पेशव्यांना फार वाटे. बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई १७३५ मध्ये यात्रेला आल्या, तेव्हा वाटेतल्या राजेरजवाड्यांनी आणि मोगली सरदारांनीही त्यांचा सन्मान केला. पण काशी मराठ्यांची कधीच झाली नाही. अयोध्येच्या नवाबांकडून १७७५ मध्ये ती कंपनीकडे गेली. आपल्या लोकांनी हे सगळे दुसऱ्याच्या राज्यात, परवानग्या काढून, जागा विकत घेऊन बांधले. बदलीवर येऊन इथेच राहिलेल्या माझ्यासारख्याला त्यातले काहीतरी ओळखीचे वाटते.

बालाजी घाटावर थोडे थांबतो. तिथल्या बालाजी मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी वर्षानुवर्षे सनईचा रियाज केला. ते २००६ मध्ये गेले. आता तिथे बसले की नावांच्या डिझेल इंजिनांचा आवाज येतो. असो.

पूर्वी शिंदे घाटावरून आमची फेरी मणिकर्णिका ओलांडून लाहौरी टोल्याच्या गल्ल्यांतून विश्वनाथाकडे चढत असे. तो चढ मी शेवटचा २०१८ मध्ये चढलो. ८ मार्च २०१९ रोजी धाम प्रकल्पाची पायाभरणी झाली, १३ डिसेंबर २०२१ रोजी लोकार्पण. तीनशेहून अधिक घरे आणि दुकाने विकत घेऊन पाडली गेली, घरांच्या पोटात दडलेली चाळीसहून अधिक जुनी देवळे उघडी झाली. याबद्दल दोन्ही बाजूंनी लोक तावातावाने बोलतात. माझ्या गुडघे गेलेल्या थोरल्या बहिणीला गंगेवरून थेट १७८० च्या अहिल्याबाईंच्या मंदिरापर्यंत नेता आले, तिथे अहिल्याबाईंचा पुतळा पाहून तिने हात जोडले, हे मी कसे नाकारू? पण त्या रुंद चौकात उभे राहून नव्या गटाला "इथे टेकडी होती, इथे एका खिडकीतून लोणच्याच्या फोडणीचा वास यायचा" असे सांगायला लागलो की ते दगडी फरशीकडे बघतात आणि मग माझ्याकडे. म्हणून मी आता फेरी शिंदे घाटावरच संपवतो.

आजींच्या ओट्यावर थांबणे मात्र बरीच वर्षे चालले. त्या प्रसंगानंतर दर फेरीत गट त्यांच्याकडे जाई, आणि त्या पहिल्यांदा चहा देत, मग विचारत, "आज काय सांगितलंत यांना?" मी गोष्टी म्हणून दाखवायच्या, त्यांनी मान हलवायची किंवा नाही हलवायची. गल्लीपासून त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत एकेचाळीस पायऱ्या होत्या, त्या त्या दिवसातून दोनदा चढत. शेवटी मुलाने त्यांना खाली, शहराबाहेर लिफ्टच्या इमारतीत नेले. दोन वर्षांनी गेल्या. दुर्गाघाटाच्या परिसरातली अशी कितीतरी घरे आता कुलपात किंवा गेस्ट हाऊस झालेली आहेत. त्यांच्या ओट्यावर आता फलक आहे आणि आतला मुलगा इंग्रजीत स्वागत करतो. चांगला मुलगा आहे, बसू देतो. पण परीक्षा घेत नाही.

गेल्या वर्षी आपल्या वसाहतीतली दहावीतली एक मुलगी फेरीला आली होती. धरहऱ्यापाशी मी बिंदुमाधवाची हकिकत सांगितली. ती म्हणाली, "काका, औंधच्या पंतप्रतिनिधींनी देऊळ कुठल्या साली बांधलं?" मला सांगता आले नाही. तिने माझी वही मागून घेतली आणि त्या ओळीपुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले. वही अजून तिच्याकडेच आहे.

यंदाची फेरी देवदिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी. आत्ता भाद्रपदात खालच्या पायऱ्या पाण्यात आहेत, पाणी उतरले की हातभर गाळ राहतो, तो पंपाने धुऊन काढेपर्यंत कार्तिक उजाडतो. तेव्हा पंचगंगेवर उंच बांबूंच्या टोकाला टोपल्यांतले आकाशदीप लटकत असतात, ते ज्यांना पाहायचे असतील त्यांनी महिनाभर आधी संध्याकाळी वेगळे जावे. फेरीसाठी सकाळी सहाला मंडळाच्या कार्यालयापाशी जमायचे, साडेसहाला मैदागिनला, तिथून पायी. पादत्राणे न घसरणारी घालावीत. गुडघे दुखणाऱ्यांनी काळजी करू नये, त्यांना आम्ही चौखंब्याकडून वरून खाली आणतो आणि नावेने परत नेतो. शेवटी ठठेरी बाजारात कचोरी-जिलेबी आहे, थंडी लवकर पडली तर मलइयोसुद्धा. पैसे ज्याचे त्याने द्यायचे. वही त्या मुलीला आणायला सांगितली आहे.